खरं वाच, पावल

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी साडेदहा. रक्कम चारशे रुपये, शंभराच्या चार नोटा, त्यातल्या एकीला कडेला चिकटपट्टी लावलेली. हजर: रोझी वहिनी, फादर बेनी आणि मी. ठिकाण: रोह्यातलं तुझं घर, खिडकीजवळचं टेबल.

इनासदादा, तू असतास तर म्हणाला असतास, "पावल्या, माणूस मेला आन् तू पंचनामा करतोस?" करतो. मला दुसरं काही लिहिता येत नाही. धाटावच्या कंपनीत माझी सगळी नोकरी वजनकाट्यावर. भरलेला टँकर किती, रिकामा किती, मधला फरक किती, एवढंच मी आयुष्यभर लिहिलं. रविवारी आपल्या प्रार्थनेच्या हॉलमध्येही माझ्याकडे वहीच. कोणी कोणाच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे फादरांची वेदीवरची प्रार्थना, सांगितली ते लिहायचं आणि मिस्सा सुरू व्हायच्या आधी उभं राहून मोठ्यानं वाचायचं.

त्या चारशेच्या पाकिटावरचं अक्षर तुझं होतं. नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांचा महिना, आणि दर नोव्हेंबरात तू मला असं पाकीट द्यायचास. तीन आत्म्यांसाठी तीन मिस्सा, तीनशे रुपये. बारा वर्षं तीनशेच. या वर्षी चारशे का, ते आतल्या चिठ्ठीत होतं. चिठ्ठी मी शेवटी लिहितो, कारण आधीचं सांगितल्याशिवाय ती वाचणाऱ्याला समजणार नाही. आणि आधीचं मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

पहिल्या पाकिटाची गोष्ट. सीमेवर सैन्य जमलं होतं. आज लढाई पेटते की उद्या, असं चाललं होतं. रोह्यात रोज संध्याकाळी घोषणांच्या फेऱ्या निघत होत्या. त्यातच बिशपांचं पत्र आलं. पोपनी सगळ्या सरकारांना युद्ध टाळा म्हणून विनंती केली होती, आणि बिशपांनी ती मराठीत करून, स्वतःचे चार शब्द घालून, प्रत्येक ठिकाणी रविवारी वाचायला सांगितलं होतं. शनिवारी हॉलमध्ये आपण चौघं बसलो. पेणहून आलेले फादर बेनी, तू, मी आणि मिंगेलकाका. मिंगेलकाकांचा विक्टर तेव्हा सैन्यात, सीमेवरच होता. बावीस दिवस त्याचा फोन नव्हता.

मी म्हणालो, "पत्र वाचू नये. आपली बत्तीस घरं. त्यातली एकोणीस कंपनीतल्या कंत्राटावर. पोप रोमला, आपण रोह्याला."

मिंगेलकाकांना माझं म्हणणं पटलं, पण कारण वेगळं. "पोपला पोरगा नाय. बिशपला पोरगा नाय. या फादरला तर नायच नाय. यांना बोलायला काय जातंय? माझा खंदकात बसलाय."

फादर हसले.

तू म्हणालास, "मी वाचतो. सतरा वर्सं वर्दी घातली हाय. मला कोण देशद्रोही बोलतो ते बघूच."

वाद तासभर चालला. तू ऐकलं नाहीस. उठताना माझ्या हातात पाकीट ठेवलंस. "तिघांसाठी हाय. नावं नाय ठाऊक." एवढंच बोललास. मी विचारलं नाही. माजी सैनिक, तीन मेलेले, नावं माहीत नाहीत, आणि बाहेर रस्त्यावर जवानांच्या नावानं घोषणा चाललेल्या. मी घरी जाऊन वहीत लिहिलं: देशासाठी प्राण दिलेल्या तीन अनामिक जवानांच्या आत्म्यांसाठी. अक्षर चांगलं काढलं होतं. मला ते वाक्य आवडलंही होतं. आपल्याला अडचणीतून सोडवणारं वाक्य आहे, असं वाटलं होतं. आधी जवानांसाठी मिस्सा, मग ते पत्र, म्हणजे बाहेर कोणाला बोलायला जागा नाही.

रविवारी फादर पेणची सातची मिस्सा आटपून गाडीनं आले. मी विचारलं, "पेणला पत्र वाचलंत?" चष्मा पुसत म्हणाले, "पेणला वेळ झाला नाही." पेणच्या मिस्सेनंतर गाडीला तास-दीड तास असतो. पत्र दोन पानांचं.

हॉलमध्ये एकाहत्तर माणसं होती. मी उभा राहून माझं वाक्य वाचलं. काही बायकांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. तू पहिल्या रांगेत बसला होतास. माझ्याकडे वळून पाहिलंस, आणि मला वाटलं तुला आनंद झालाय.

शुभवर्तमानाचं वाचन झाल्यावर तू पत्र वाचायला उभा राहिलास. दीड पान वाचलंस. मारलेला माणूस कोणत्याही बाजूचा असला तरी तो देवाचाच, अशा अर्थाचं एक वाक्य होतं, तिथं थांबलास. पत्राची घडी केलीस.

"पावलनं मघाशी तीन जवान वाचलं," तू म्हणालास. "पावलची चूक नाय. मी सांगितलं नव्हतं. ते जवान नव्हते. मी मारलेले तिघं हायत ते."

मग तू सांगितलंस. मी ते तुझ्या तोंडून त्या एकाच वेळी ऐकलं, पण तेव्हापासून एक शब्द विसरलेलो नाही. श्रीलंकेतली लढाई. तू चोवीस वर्षांचा. माडांची वाडी, झावळ्यांचं कुंपण, मागं विहीर. दहा मिनिटं आधी तुझ्या पुढं चालणाऱ्याचा पाय सुरुंगानं गुडघ्यापासून उडाला होता. त्याचा बूट, आत पावलासकट, एका माडाच्या बुंध्याशी जाऊन पडला होता, आणि तो स्वतः बूट मागत होता. तुम्ही त्या घरात घुसलात. स्वयंपाकघरात तिघं होते. तू आधी गोळी झाडलीस. एक चुलीवर पडला, त्याचे केस पेटले. दुसऱ्याच्या गळ्याला लागलं, तो भिंतीला टेकून बसल्यासारखा खाली घसरला आणि भिंतीवर हाताएवढा रुंद पट्टा उमटला. तिसरा बाकाखाली शिरला. तुझी रायफल अडकली. तू त्याला पायाला धरून बाहेर ओढलंस आणि दस्त्यानं मारलंस. किती वेळा ते तुला आठवत नव्हतं. तो तुझ्याच वयाचा होता. त्याची भाषा तुला येत नव्हती, पण एक शब्द समजला. येसुवे. तीन वेळा म्हणाला. त्याच्या मुठीत काळ्या मण्यांची जपमाळ होती. तिघांत मिळून एक बंदूक सापडली, तीही पिठाच्या डब्यामागं.



"परत आल्यावर मी तीन ठिकाणी कुमसार केला, फादरला पाप सांगितलं," तू म्हणालास. "तिन्ही फादरांनी कान देऊन ऐकलं. तिघंही बोलले, हुकूम होता, पाप नाय. आन् वर माफी दिली. मी बोललो, पाप नाय तर माफी कसली देताय? बोलले, जा, प्रार्थना कर. आज हे पत्र वाचलं. पयल्यांदा कोणीतरी वरचा माणूस बोलतोय की हे वाईटच हाय. हुकूम असला तरी वाईट. तुम्हाला वाटंल मला लागलं असंल. मला बरं वाटलं. चौदा वर्सांनी बरं वाटलं."

मिंगेलकाका उठले. "म्हंजे माझा विक्टर खुनी?"

"विक्टरला बोललो नाय, काका. मला बोललो."

"त्यालाच बोललास!" त्यांनी लोखंडी घडीची खुर्ची उचलली आणि तुझ्या डोक्यात घातली. तू मान वळवलीस म्हणून कानावर बसली. दुसरी खांद्यावर. तिसरीला मी आणि फादर मध्ये आलो. कानाची पाळ खालून सुटली होती, आणि रक्त बिशपांच्या पत्रावर पडलं. मिंगेलकाका खुर्ची हातात धरूनच रडत होते. "बावीस दीस झाले रे," म्हणत होते. "तेवीस आज."

मिस्सा फादरांनी पुरी केली. एकाहत्तरांतले एकोणतीस उरले होते. तू कानाला वहिनीचा पदर दाबून उभा होतास, आणि फादरांनी तुला मिस्सेची भाकर दिली.

दादा, पत्र वाचण्याचा वाद आपल्यात कधी मिटला नाही. मी अजूनही म्हणतो की त्या आठवड्यात ते वाचायला नको होतं. महिन्याभरानं चाललं असतं. तू म्हणायचास, लढाई संपल्यावर लढाईविरुद्ध बोलायला पोप कशाला पायजे, ते तर वाणीपण बोलतो. तू नसताना मला हा वाद जिंकायचा नाही. फक्त माझं मत बदललेलं नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

बोलणं बाहेर जायला दोन दिवस लागले. मंगळवारी कंपनीच्या कँटीनमध्ये पॅकिंगमधला एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "काय पावलशेठ, तुमच्यात शत्रूचं श्राद्ध घालतात म्हणं? पाकिस्तानवाल्यांची पूजा केली रविवारी?"

मी खरं सांगू शकत होतो. श्रीलंका म्हणू शकत होतो. तू त्याच कंपनीत, बॉयलरवर तिसऱ्या शिफ्टला होतास, सगळे तुला ओळखत होते. मी कपाळाशी बोट फिरवलं आणि म्हणालो, "आमचा इनास लढाईतून आल्यापासून जरा असाच हाय." ते हसले. मी चहा संपवला. मला वाटलं मी तुला वाचवलं. वेडा म्हटल्यावर कोण मारतो?

बुधवारी सकाळी सातला तुझी शिफ्ट सुटली, माझी सुरू झाली. वजनकाट्याची केबिन गेटच्या बाहेर, वळणावर. सात वाजून दहा मिनिटांनी तू स्कूटर ढकलत आलास, ती सुरू होत नव्हती. कानाला पट्टी होती. मागून दोन मोटारसायकली आल्या, चार माणसं. दोघांना मी चेहऱ्यानं ओळखत होतो, त्यातला एक कँटीनमधला. एकाच्या हातात सायकलची चेन होती, एकाच्या हातात पॅकिंगच्या पेटीची फळी, खिळ्यासकट.

माझ्या केबिनला काचेची खिडकी आहे. टेबलावर गेटच्या वॉचमनला लागणारा फोन आहे. दाराला आतून कडी आहे. मी उठलो आणि कडी लावली.

मग मी मोजलं. का मोजलं ते मला सांगता येत नाही. दुसरं काही करणं सुचलं नाही, आणि मोजायची सवय होती. पहिला पाठीत. दुसरा पाठीत. तिसरा चेननं, मानेला गुंडाळली गेली, ओढून काढली. चौथ्याला तू खाली गेलास. तू हात उगारला नाहीस. सैन्यातला माणूस, चौघांतल्या दोघांना तरी तू लोळवलं असतंस. हात डोक्यावर धरलास, एवढंच. सात झाल्यावर तुझे हातही सुटले. नववा फळीचा होता आणि तो डोळ्यावर बसला. आवाज काचेतून आत आला. अकरा झाल्यावर वळणावर टँकरचा हॉर्न वाजला आणि ते गेले.

टँकर येऊन काट्यावर उभा राहिला. मी वजन घेतलं. सोळा हजार दोनशे चाळीस किलो. बरोबर लिहिलं. मी नंतर तपासून पाहिलं, आकडा बरोबर होता, खाडाखोड नव्हती. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "साहेब, माणूस पडलाय!" तेव्हा मी कडी काढली, बाहेर आलो आणि आत्ताच पाहिल्यासारखा ओरडलो. रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. पॅन्ट भिजून पायाला चिकटली. सगळ्यांनी म्हटलं, पावल होता म्हणून इनास वाचला.

हॉस्पिटलात पोलीस आले तेव्हा तू म्हणालास, "स्कूटरवरनं पडलो." पोलीस म्हणाला, "मानेवर चेनचे वळ उठलेत." तू म्हणालास, "स्कूटरलापण चेन असती की." पोलिसाला हसू आलं. मला विचारलं तर मी सांगितलं, मी नंतर पोचलो.

पोलीस गेल्यावर वहिनी तुझ्यावर चिडली. तू सुजलेल्या तोंडानं म्हणालास, "रोझी गो, त्या तिघांच्या घरच्यांनी माझी तक्रार कुठं केली?" आणि मग माझ्याकडे तोंड करून, "आन् बत्तीस घरांचं हाय ना, पावल?" माझाच हिशोब तू मला परत दिलास. डावा डोळा गेला. कंत्राटही गेलं. विक्टरचा फोन त्याच आठवड्यात आला. तो नंतर सुखरूप परतला आणि मिंगेलकाका तुझ्या दारात कोंबडी घेऊन आले. तू म्हणालास, "खुर्ची नाय आणली?" दोघं हसलात. मी तिथंच होतो. तुम्ही दोघांनी ते कसं मिटवलंत, ते मी बघत होतो, आणि मला ते करता येणार नाही हे मला कळत होतं.

पुढच्या नोव्हेंबरात तू परत पाकीट दिलंस. "खरं वाच, पावल." मी वहीत लिहिलं: तीन आत्म्यांसाठी. तेवढंच वाचलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. हे खोटं नाही, असं मी तुला सांगायचो. तू म्हणायचास, कमी वजन लिहिणं खोटंच की.

तोवर तुला पेणला गणपतीच्या कारखान्यात काम मिळालं होतं. रोज गाडीनं जायचास. साच्यातून निघालेल्या मूर्तीचं अंग पॉलिश पेपरनं घासून साफ करायचं. डोळ्यांची आखणी मालक स्वतः करायचा. तू म्हणायचास, "एका डोळ्याच्या माणसाला डोळे काढायला कोण देणार? मी पोटं घासतो." गणपतीच्या आधी दोन महिने तू घरी यायचास तेव्हा केसांपासून चपलांपर्यंत पांढरा असायचास.

सहाव्या वर्षाचं लिहिलं पाहिजे. मी आदल्या रविवारी नेहमीसारखं "तीन आत्म्यांसाठी" वाचलं होतं. सोमवारी मला बँकेच्या कामाला पेणला जायचं होतं, आपण एकाच डब्यात होतो. डब्यात आपल्याशिवाय एक म्हातारी, तीही झोपलेली. मधल्या एका स्टेशनात गाडी थांबली, समोरून दुसरी यायची होती. तू एकदम माझी कॉलर धरलीस आणि माझं डोकं खिडकीच्या गजांवर आपटलंस. एकदा, दोनदा.

"तीन आत्मे? आत्मे काय झाडावरनं पडले? कोणी मारले ते वाच! वर्साला एकदा, एक वाक्य. तेवढं ऐकायला मी येतो. पोप एवढ्या जगासमोर बोलतो, तुला बत्तीस घरांसमोर बोलता येत नाय?"

माझ्या भुवईतून रक्त आलं. ते डोळ्यात गेलं आणि मला राग आला. मी जे बोललो ते आजवर मी कुमसारातही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "त्या चौघांनी तुझं काम अर्धंच सोडलं. दुसरा डोळा आन् जीभ दोन्ही न्यायला पायजे होती."

तुझा हात सैल झाला.

"चौघं?" तू म्हणालास. "मी पोलिसांना पडलो बोललो. रोझीलापण किती जण ते नाय बोललो. चौघं होते हे तुला कोणी सांगितलं?"

मी बाहेर बघितलं. समोरची गाडी आली, गेली. आपली सुटली. पेण येईपर्यंत तू नखांतली पांढरी पूड काढत बसलास. मी रुमाल भुवईला लावून बसलो. आकडा माझ्या तोंडून गेला होता. आयुष्यात मी चुकीचा आकडा कधी सांगितला नव्हता, आणि बरोबर आकड्यानंच मला पकडलं.

पेणला उतरल्यावर मला वाटलं तू मारशील, किंवा थुंकशील. तू पिशवी खांद्याला लावलीस. "संध्याकाळच्या गाडीला भेट," म्हणालास. "आन् येताना वांगी घे. रोझीनं सांगितलीत." मी एक किलो घेतली. संध्याकाळी तू ती चाचपून बघितलीस, त्यातली दोन किडकी निघाली म्हणून मला शिव्या दिल्यास, आणि त्या शिव्या ऐकताना मला रडू यायला लागलं. तू खिडकीबाहेर बघत होतास.

त्यानंतर सहा वर्षं तू ते कधी काढलं नाहीस. मीही नाही. पाकीट येत राहिलं, "खरं वाच" येत राहिलं, मी आत्मे वाचत राहिलो. तुला मी दर वर्षी एक वाक्य देणं लागत होतो, आणि ते मी देत नव्हतो कारण त्याच्या मागं दुसरं वाक्य उभं होतं. तुझं खरं मोठ्यानं वाचलं तर माझं खरं गप्प ठेवता आलं नसतं. दादा, हे कारण. बत्तीस घरं हे कारण पहिल्या वर्षीच संपलं होतं.

या ऑक्टोबरात तुझं पोट पाण्यानं भरलं. मी रोज संध्याकाळी यायचो. वजन किती उतरलं ते मी विचारायचो, वहिनी सांगायची, मी मनात वजाबाकी करायचो. २३ तारखेला, गुरुवारी, आपण दोघंच होतो. मी ठरवून आलो होतो. बोललो काय, तर "पंखा कमी करू का." तू म्हणालास, "कर." शुक्रवारी पहाटे तू गेलास.

आता चिठ्ठी. शाळेच्या वहीचं अर्धं पान. "तिघांसाठी नेहमीचे तीनशे. शंभर पावलसाठी. तो जिवंत हाय, पण जिवंत माणसासाठीपण मिस्सा चालती, फादरला विचारून घेतलंय. खरं वाच."

फादरांनी ती वाचून मला दिली. मी दोनदा वाचली आणि टेबलावर ठेवली. मग मी फादर आणि वहिनीला केबिनमधलं सांगितलं. कडी, फोन, टँकर, सगळं. सांगायला चार-पाच मिनिटं लागली असतील. बारा वर्षं लागली होती.

वहिनी माझ्याकडे बघत नव्हती, नोटेवरची चिकटपट्टी अंगठ्यानं दाबत होती. "मला ठाऊक हाय, भावजी," ती म्हणाली. "गाडीत तुमची मारामारी झाली त्या रातीच बोलले मला. म्हणले, पावल आत होता गो. मोजत बसला असंल." मग तिनं मान वर केली. "किती होते?"

"अकरा."

"त्यांना सातच आठवायचे," ती म्हणाली. "पुढचे चार तुमच्याकडं होते तर."

तिनं मला चहा दिला नाही. दर वेळी देते. उठताना एवढंच म्हणाली, "त्यांना जाऊन महिना होतो त्या रविवारी नीट वाचा. मागं बसणाऱ्यांना ऐकू जात नाय तुमचं."

२३ नोव्हेंबर, रविवार. तुझी महिन्याची मिस्सा. हजर चौऱ्याऐंशी, त्यात विक्टर आणि त्याची दोन मुलं. फादर पेणहून आले आणि मी विचारायच्या आधीच मला म्हणाले, "पावल, त्या वर्षी पेणला वेळ होता." मी म्हणालो, "माहीत आहे, फादर." ते वेदीकडे गेले.

मी उभा राहिलो आणि वाचलं. आजची मिस्सा इनासच्या आत्म्यासाठी. आणि श्रीलंकेत एका घरात इनासनं ज्यांना मारलं त्या तिघांच्या आत्म्यांसाठी, ज्यांची नावं त्याला शेवटपर्यंत कळली नाहीत, आणि ज्यांतल्या एकाच्या मुठीत जपमाळ होती. आणि पावलसाठी, ज्यानं इनासला चौघं मारत असताना केबिनला आतून कडी लावली आणि अकरा घाव मोजले.

मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कोणीतरी "देवा" म्हणालं. मी वही धरून उभाच होतो, खाली बसायचं मला सुचेना. खुर्ची येईल असं वाटत होतं, आली असती तर मी मान वळवली नसती.

तिसऱ्या रांगेतून मिंगेलकाका म्हणाले, "झालं ना वाचून? मग बस आता. मिस्सा चालू होऊंदे."

मी बसलो. रोझी वहिनी बायकांच्या बाजूला होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

वहीतल्या जुन्या बारा नोंदी मी त्याच दिवशी घरी बसून दुरुस्त केल्या. पहिलीतले जवान आणि पुढच्या अकरांतले नुसते आत्मे लाल शाईनं खोडून वर खरं लिहिलं, आणि प्रत्येकीपुढं सही केली, म्हणजे पुढं कोणी वही उघडली तर खाडाखोड कोणाची ते कळेल.

पाकिटातले चारशे तुझे. तुझ्या आत्म्यासाठीचे शंभर मी घातले. एकूण पाचशे, पाच मिस्सा: तुझी रविवारी रोह्याला झाली, तिघांच्या तीन आणि माझी एक पेणला, सोमवार ते गुरुवार, सकाळी सातला. चारही दिवस मी पहिल्या गाडीनं गेलो आणि हजर होतो. रक्कम दिली: फादर बेनी यांना. मिळाल्याची सही त्यांनी वहीत केली आहे. चिकटपट्टीची नोट त्यांना दिली नाही, तिच्या जागी माझी चांगली नोट दिली. ती नोट तुझ्या चिठ्ठीत गुंडाळून माझ्याकडे ठेवली आहे.